गोजाईची चुंबळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार, ते मला विचारू नका. माझ्या पणजीलाही ते ठाऊक नव्हतं, आणि तिला न विचारता मी हयात काढली. तेव्हा खापरवाडीत वीसेक घरं कुंभारांची होती आणि त्यातल्या एका घरात गोजाई नावाची मुलगी होती.

सात वर्षांची असताना तिच्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली, काळपुळी उठली. तुम्हाला काळपुळी ठाऊक नसेल, आणि ठाऊक नाही तेच बरं. ढोरांकडून ती माणसाला यायची. मधोमध काळा ठिपका, भोवती सूज, आणि चार दिवसांत माणूस आटोपला. त्यावर त्या काळी एकच इलाज होता. लोखंडी सळई लाल करायची आणि पुळी जाळून टाकायची. ते काम डोंगरावर मेंढरं राखणारा बिरूबा धनगर करायचा. बिरूबाने डाग दिला आणि पोर वाचली. पण आग ठिपक्यापुरती थोडीच थांबते? ती भोवतालच्या चांगल्या कातडीतही शिरली. जखम भरली ती कातडी आवळून घेत, आणि गोजाईचं डोकं जन्मभरासाठी डाव्या खांद्याकडे कललं.

कुंभाराच्या घरात याचा अर्थ काय होतो, तो सांगते. भाजलेली मडकी डोक्यावरून बाजाराला न्यायची, हे बायकांचं काम. आधी डोक्यावर चुंबळ ठेवायची, म्हणजे चिंध्यांची गोल वळलेली गादी. तिच्यावर मडकं, त्यावर दुसरं, आणि निघायचं. कललेल्या डोक्यावर चुंबळ राहते होय! गोजाईने एकदा हट्ट करून पाहिला. दारातच तीन मडकी फुटली आणि आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं बाई." तेव्हापासून ती एकेक मडकं उजव्या कडेवर घेऊन जायची. "गोजाईचं ल्येकरू निघालं बाजाराला," असं म्हणून लोक हसायचे मेले. तिच्या लग्नाची गोष्टसुद्धा कुणी काढली नाही. बाजारातून परतताना ती ओढ्याकाठी बसून रडायची आणि तोंड धुऊन घरी यायची.

पण तिचा राग बिरूबावर नव्हता. तो आगीवर होता. मडकी भाजायच्या आव्यात बाप सांगेल तिथे आग जाते आणि सांगेल तिथे थांबते, मग माणसाच्या अंगावरच ती अशी बेताल का व्हावी? आजाराला जाळावं आणि बाकीच्याला शिवू नये, असं काही करता येईल का? हा किडा एकदा डोक्यात शिरला तो निघाला नाही.

आता कुंभाराच्या मुलीला पहिल्यांदा काय सुचणार? माती! तिने चाकावरची ओली माती घेतली, मांडीवर तिचं आळं केलं आणि मधल्या भोकात तापलेली सळई टेकवली. ओल्या मातीत आग गार होईल असा तिचा हिशेब. झालं उलटंच. मातीतल्या पाण्याची वाफ झाली आणि वाफेने भोवतालची कातडी नुसत्या सळईहून जास्त पोळली. आठ दिवस तिला धड बसता आलं नाही. ओलं भांडं आव्यात घातलं की फुटतं, हे कुंभाराचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आणि ही शहाणी नेमकं तेच विसरली होती.

मग सुकी राख घेतली, तर ती घरंगळून गेली. चिंध्या घेतल्या, तर त्यांनी पेट घेतला. शेवटी एक दिवस ती डोंगर चढून बिरूबाकडे गेली आणि म्हणाली, "आबा, मूठभर लोकर द्या." बिरूबाने कशाला ते विचारलं नाही. तिच्या मानेकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. त्याने लोकर दिली ती टोपलीभर.

लोकरीने ज्वाळा धरली नाही. गोजाईने तिची बोटाएवढी वात वळली, वातीची इवलीशी चुंबळ केली, तिच्यावर चाळलेली राख आणि बारीक माती थापली आणि सावलीत खडखडीत वाळवली. खाली केळीच्या खांबाचं सोपट, म्हणजे जाड साल, ठेवलं, कारण त्याच्या पोटात वाऱ्याचे कप्पे असतात आणि धग त्यातून लवकर उतरत नाही. चुंबळीची भोकं तीन मापांची होती: मुगाएवढं, वाटाण्याएवढं आणि बोराएवढं. हे साधेपर्यंत तिच्या मांड्यांवर एकवीस डाग पडले असं म्हणतात. कुणी एक्कावन्न सांगतात. मोजायला कोण गेलं होतं!

आणि मग एका सकाळी, उन्हं अंगणात उतरली असताना, बिरूबा डोंगर उतरून तिच्या दारात आला. आता तो पार म्हातारा झाला होता. कडेवर त्याची सहा वर्षांची नात होती, ठकू. तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी काळा ठिपका होता.

"गोजे," तो म्हणाला, "डाग द्यावा तर पोरीचा डोळा जातुया. न्हाई द्यावा तर पोर जातीया. आन माजं हात बघ कसं कापत्यात."

आजवर चुंबळ बसली होती ती फक्त गोजाईच्या स्वतःच्या मांडीवर. मांडीवर चुकलं तर डाग पडतो. इथे चुकलं तर पोरीचा डोळा जाणार होता, आणि मग ह्या पोरीकडे बघून लोक काय काय हसतील, ते गोजाईएवढं कुणाला ठाऊक होतं?

"आबा," ती म्हणाली, "सळई मी धरते. तुमी पोरीचं डोस्कं धरा. घट धरा."

तिने मुगाच्या मापाची चुंबळ काढली. डोळ्यावर सोपट ठेवलं, ठिपक्यापुरतं छिद्र पाडून वर चुंबळ बसवली आणि सळई लाल केली. इथे एक गंमत ऐका. सरळ मानेच्या माणसाला त्या कोपऱ्यात नीट दिसलंच नसतं, हात आणि सळई आड आली असती. गोजाईचं डोकं डावीकडे कललेलं, तिला तो ठिपका तिरप्या बाजूने स्वच्छ दिसला. सळई उचलून ती आगीला म्हणाली, "जाळायचं तेवढं जाळ, बाकीचं सांभाळ."

चर्र झालं. ठकूने अशी किंकाळी फोडली की डोंगरावरची मेंढरं चरायची थांबली, असं म्हणतात. गोजाईने चुंबळ उचलली. ठिपक्याच्या जागी मुगाएवढी राख होती. पापणीचा एकही केस करपला नव्हता. पोरीच्या डोळ्यात दाटलेलं पाणी ओघळून बिरूबाच्या बोटावर पडलं आणि ते त्याला गार लागलं.

ठकू वाचली, डोळा वाचला. बिरूबाने त्या दिवशी पहिल्यांदा गोजाईच्या मानेवरच्या वणावर हात ठेवला आणि लहान मुलासारखा रडला. "ह्ये तवा ठावं असतं तर, पोरी."

"तवा मलाबी कुठं ठावं हुतं, आबा," गोजाई म्हणाली.

पुढे पंचक्रोशीतून माणसं तिच्याकडे येऊ लागली. मस असो, चामखीळ असो, सडकं बोट असो. गोजाई जाळायची ते आजारापुरतं. एका उन्हाळ्यात डोंगरावरून वणवा उतरला, तेव्हा तिने साऱ्या गावाला कामाला लावून गावाभोवतीचं गवत उपटवलं आणि आव्याची राख गोल पसरवली. वणवा त्या गोलापाशी आला, तिने त्यालाही तेच शब्द ऐकवले, आणि तो कडेकडेने निघून गेला असं म्हणतात. ती गेली तेव्हा ठकूने चितेवर तिच्या उशाशी एक चुंबळ ठेवली. तिसऱ्या दिवशी राख सावडताना ती चुंबळ जशीच्या तशी सापडली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी तरी खरं धरते.

आता काळपुळी उठली तर सुई असते. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तापलेल्या तारेने गाठी जाळतात, आणि शेजारचं चांगलं मांस पोळू नये म्हणून मध्ये काहीबाही गार घालतात. आमच्या गावचा माणूस तिथे गेला की हमखास डॉक्टरला सांगून येतो, "ही तर आमच्या गोजाईची चुंबळ." डॉक्टर बिचारे मान डोलावतात.

पावसाळ्यानंतरचा पहिला आवा लावतात तेव्हा खापरवाडीत एक रीत अजून पाळतात. आव्याच्या तोंडाशी लोकरीची इवलीशी चुंबळ ठेवून म्हातारी बाई म्हणते, "जाळायचं तेवढं जाळ, बाकीचं सांभाळ." मग आवा उघडला की घरोघरच्या बायका आपापलं पहिलं मडकं उचलतात. डोक्यावर घेत नाहीत, उजव्या कडेवर घेतात, आणि रांगेने वेशीपर्यंत चालत जातात. कडेवर ओझं असलं की चालताना मान जराशी डावीकडे कलते, कुणाचीही. सगळं गाव दुतर्फा उभं राहून बघत असतं, आणि कुणी हसत नाही.