येसू यायचीय

बसा. त्या पाठीवरच्या पिशव्या आधी खाली टेका, आणि बोगद्यात शिरायची घाई करू नका. दीडशे पावलांचा तर आहे, पळून कुठं जातोय? तोंडाशी हा चुना लावलेला दगड दिसतोय ना, आणि त्यावर लाल काचेचा कंदील? भर दुपारी पेटलेला पाहून परवाच एक पाहुणा हसला. म्हणाला, आजोबा, विसरलात वाटतं विझवायला. विसरायला काय झालं! कोळदऱ्याच्या रेल्वे कॉलनीतल्या सात पिढ्यांत तो कुणी विझवला नाही. आणि दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. खाली कॉलनीत कुणाकडं जेवायला बसलात, तर 'सगळे आले' एवढे दोन शब्द तोंडातून काढू नका. बाकी काय बोलायचं ते बोला.

हे धुराच्या इंजिनांच्या काळातलं. सांगतात की गाड्या आधी ह्या बोगद्यातून जायच्या. पण तो खणताना छत कोसळलं होतं. मुकादमानं डोकी न मोजताच वर सांगून टाकलं, सगळे बाहेर आले म्हणून, आणि रूळ टाकले. एक जण आतच राहिला होता म्हणे. त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. पुढं रूळ पलीकडून वळवले, बोगदा रिकामा पडला. तो शेवटच्या माणसाला सोडत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. पोरं कुठं ऐकतायत!

कॉलनीतली पोरं कशी असायची सांगू? घड्याळ एकाच्याही घरी नाही, पण पॅसेंजर गेली की शाळा, मालगाडी चढली की भाकरी. शिट्टीवरून सांगायची, आज इंजिनावर कोणाचा बाप आहे. दोरीवर वाळत घातलेले सदरे संध्याकाळपर्यंत पुन्हा काळे. राखेच्या ढिगावर अर्धे जळलेले कोळसे वेचायचे, आणि ड्रायव्हर ओळखीचा असला तर बादली घेऊन इंजिनाखालचं गरम पाणी मागायचं. खेळ एकच, आगगाडी. पुढच्याचा सदरा मागच्यानं मुठीत धरायचा आणि झुक झुक करत सुटायचं.

ह्या कॉलनीत राघो गायकर केबिनमन होता. सिग्नलच्या खांबावरचे हात खाली-वर करायचे आणि गाडी गेली की तिची शेपूट बघायची, हे त्याचं काम. शेपूट म्हणजे शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा. तो दिसला की म्हणायचं, "गाडी पूर्ण." तो दिसला नाही, तर डबे कुठंतरी मागं सुटलेत असं समजायचं आणि त्या वाटेवर दुसरी गाडी सोडायची नाही. वीस वर्षांत राघोची नजर एकदा चुकली नव्हती. बायको धाकट्याच्या बाळंतपणातच गेलेली. घरात अकरा वर्षांची येसू आणि सहा वर्षांचा नाम्या. नाम्याला येसूनंच वाढवला. भाकरी थापायची तीच, त्याचं नाक पुसायची तीच, आणि पाठीत धपाटा घालायचीही तीच.

पोरांच्या खेळातही राघोचाच कायदा चालायचा. शेवटच्या पोराच्या पाठीला लाल चिंधी, आणि वाटेच्या टोकाला एक पोर केबिनमन होऊन उभं. चिंधी बघून त्यानं 'गाडी पूर्ण' ओरडायचं, मगच हात सोडायचे. पण त्या दुपारी भांडण लागलं. केबिनमन व्हायला कुणी तयार होईना, सगळ्यांनाच बोगद्यातून जायचं होतं. चिंधीही सापडेना. इंजिन झालेली येसू वैतागून म्हणाली, "मरू दे ती चिंधी. एक दिवस नाही बांधली तर काय आभाळ कोसळणारे का?" आणि बारा पोरांची गाडी आत गेली. शेवटी नाम्या.

इंजिन मागं बघत नाही. हाही कायदाच. येसू बाहेर आली, उन्हात थांबली आणि हसत मागं वळली. अकरा होती.

राघो केबिनमधून धावत आला. रुळांवर काम करणारे गँगवाले कंदील घेऊन आले. बोगद्यात लपायला कोनाडा नाही, पलीकडं ऊन दिसतंय, आत चिटपाखरू नाही. दोन दिवस डोंगर पालथा घातला. आणि नाम्याच्या पुढं जो होता, फायरमनचा पेद्रू, तो एकच धोशा लावून बसलेला, "नाम्या हाय की. माझा सदरा धरून ठेवलाय त्यानं."

आधी लोकांनी त्याला दटावलं. मग त्याच्या आईनं तो सदरा धुऊन दोरीवर टाकला, आणि सगळ्या चाळीनं पाहिलं. वारा नव्हता. ओला सदरा पाठीकडून एका जागी चुरगळून मागं ताणलेला. बायकांनी पोरं उचलली आणि दारं लावून घेतली. पेद्रूची आई मात्र दोरीपाशी रडत उभी राहिली, कारण ती मूठ केवढी होती ते तिला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी येसू केबिनची शिडी चढून आली. डोळे सुजलेले, पण रडत नव्हती. म्हणाली, "बाबा, नाम्या सुटलेला नाही. गाडी अजून आतच आहे."

"येसू, गप बस गं. माझ्यात आता ताकद नाही."

"तुम्हीच सांगता ना? शेपूट दिसल्याशिवाय गाडी आली म्हणायची नाही. कुणी म्हटलंय का अजून? आणि डबे मागं राहिले तर इंजिनानंच परत जायचं असतं. इंजिन मी होते, बाबा. चिंधी मरू दे म्हणाले ती पण मीच."

राघोला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण खाली अंगणात पेद्रूचा सदरा त्यानंही पाहिलेला होता. बापाचा जीव, कशावरही विश्वास ठेवतो.

चौथ्या दिवशी, मालगाडी चढून गेल्यावर, तीच पोरं त्याच क्रमानं उभी राहिली. आयांनी कशी पाठवली असतील देव जाणे, पण पाठवली. फक्त पुढं दुसऱ्याला इंजिन केलं, आणि पेद्रूच्या मागं एका पोराची जागा सोडून शेवटी येसू. तिनं वेणीला लाल रिबीन बांधली होती. बापाला म्हणाली, "तुम्ही पलीकडच्या तोंडाशी उभे राहा. शेवटी लाल दिसलं की ओरडा, गाडी पूर्ण. त्याच्या आधी नाही हं, बाबा." राघोनं मान हलवली. केबिनमधला कंदील घेऊन तो ह्याच दगडावर येऊन उभा राहिला.

आतून झुक झुक ऐकू येत होतं, पण खेळताना येतं तसं नाही, हळू आणि अडखळत. मधेच ते थांबलं. पुढं जावं तर कायदा मोडतो, थांबावं तर जीव जातो. तो जागचा हलला नाही. बऱ्याच वेळानं पावलं पुन्हा सुरू झाली, आणि पहिलं पोर उजेडात आलं. मग दुसरं, तिसरं. राघो मोजत होता. दहावा पेद्रू, डोळे गच्च मिटलेले. आणि त्याच्या मागं, त्याचा सदरा मुठीत धरून, धुळीनं माखलेला नाम्या. जिवंत! चालताना तो जरा वळला, आणि राघोला त्याच्या पाठीवर लाल रिबीन दिसली.

वीस वर्षांची सवय हो. लाल दिसलं, हात वर गेला, आणि डोक्यानं विचार करायच्या आत तोंड ओरडलं, "गाडी पूर्ण!"

नाम्या उजेडात उभा होता, पण त्याचा सदरा मागून बोगद्याच्या अंधाराकडं ताणलेला होता. तो म्हणाला, "ताई मागं आहे. तिनं मला धरलंय." आणि सगळ्यांच्या देखत तो ताण सैल पडला, सदरा पाठीला चिकटला. आतली पावलं थांबली.

राघो आत धावला. ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत भिंती चाचपल्या, हाका मारून घसा बसला. काही नाही. नाम्यानं मग रडत रडत सांगितलं ते असं. आत त्याला कुणीतरी मागून धरून ठेवलं होतं, चार दिवस. ताईनं आपली रिबीन सोडली, त्याच्या पाठीला बांधली आणि म्हणाली, "आता तुला लाल आहे, आता तुला कोण धरणार नाही. चल पुढं, मी आहे मागं." तेव्हा तो मागचा हात सुटला.

पोरीनं भावाला वाचवलं, आणि शब्द पाळला तो बापानं. तिनंच सांगितलं होतं ना, लाल दिसलं की ओरडा. पण आपण तिचंच ऐकलं, हे राघो आयुष्यभर कुणाला सांगू शकला नाही, असं म्हणतात. त्या संध्याकाळी तो इथं, ह्या दगडापाशी गुडघे टेकून बसला आणि बोगद्याला म्हणाला, "चुकलो. गाडी पूर्ण नाही. येसू यायचीय." रोज कामावरून सुटला की यायचा, कंदिलात तेल घालायचा आणि तेवढंच बोलायचा. लोक म्हणायचे, राघो, आता विसर बाबा. तो म्हणायचा, एकदा चुकून बोललो, आता दुसऱ्यांदा बोलू काय?

पुढं नाम्याचं लग्न झालं. पंगत बसली, वाढप्यानं विचारलं, सगळे आले का? पंगतीच्या टोकाहून म्हातारा राघो म्हणाला, "येसू यायचीय." नाम्या उठला, स्वतःच्या हातानं शेवटी एक पान मांडलं आणि त्यावर आधी वाढलं. तो वाकला तेव्हा बायकांनी पाहिलं, नवऱ्या मुलाच्या कोऱ्या कोटावर, पाठीच्या मध्यावर, एक मूठभर चुरगळ पडली होती.

आजही कोळदऱ्याच्या कॉलनीत बारसं असो, लग्न असो की तेरावं, शेवटचं पान मोकळं असतं, आणि कुणी विचारलं तर उत्तर एकच मिळतं. आजही हा कंदील दिवसाढवळ्या पेटतो. रेल्वेनं क्वार्टर अर्धी पाडली, इंजिनं विजेची झाली, पण 'गाडी पूर्ण' हे शब्द इथं पुन्हा कुणी बोललेले नाहीत.

चला, उठा आता. ही घ्या लाल चिंधी, शेवटी चालणाऱ्याच्या पाठीला बांधा. आणि आत गेल्यावर मागून सदरा कुणी धरल्यासारखा वाटला, तर घाबरून हिसका देऊ नका. सावकाश चाला. तिची पावलं लहान आहेत.