शेठजींचे वेगळे ताट

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या पोटात कर्करोगाची गाठ निघाली. पुढे तपासणीत त्या गाठीच्या पेशींमध्ये एक विषाणूही सापडला. ही बातमी सांगायला त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वृद्ध डॉक्टरांची शिष्या शेठजींच्या घरी गेली. पोर हुशार, पण घाईची. विषाणू म्हणताच घरच्यांचे चेहरे उतरले, तेव्हा तिने आपल्याच बुद्धीने सांगून टाकले, "काळजी म्हणून त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवा."

झाले! ज्यांच्या पंगतीला रोज चार पाहुणे असायचे, ते शेठजी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून एकटे जेवू लागले. पंधरा दिवसांत जेवण दोन घासांवर आले, अंगावरचे कपडे ढगळ झाले. शेवटी त्यांनी निरोप धाडला, "मला औषध नको. माझं मी बघतो."

निरोप ऐकताच डॉक्टर शिष्येला घेऊन ऐन जेवणाच्या वेळी तिथे पोहोचले. शेठजींच्या शेजारी मांडी घालून बसले, त्यांच्या ताटातली अर्धी उष्टी भाकरी उचलली आणि आमटीत कुस्करून खाऊ लागले.

"अहो, उष्टं आहे ते," शेठजींनी त्यांचा हात धरला. "विषाणू लागेल."

"तो मला केव्हाच लागलाय," डॉक्टर म्हणाले. "वहिनींना लागलाय, बहुधा हिलाही. लहानपणीच येतो आणि बहुतेकांच्या अंगात जन्मभर निमूट पडून राहतो. क्वचित कुणाच्या पोटात असा उच्छाद मांडतो. कर्करोग काही ताटातून लागत नाही. आणि तुमचा अहवाल वाचून मला तर आनंद झाला होता. विषाणू असलेली गाठ शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, ओळखता येते. पण ती त्यांना गप्प बसवते. सोमवारपासून द्यायचं ठरलेलं नवं औषध त्यांना पुन्हा जागं करतं. खात्री देत नाही, पण तुमच्या बाबतीत आशा मोठी आहे. लढायचं मात्र त्या पहारेकऱ्यांनाच आहे, आणि तुम्ही त्यांना उपाशी ठेवलंय."

शिष्येची मान खाली गेली. "चूक माझी आहे, शेठजी. न विचारता बोलले मी."

"मग बस जेवायला," डॉक्टर म्हणाले आणि तेच ताट तिच्याकडे सरकवले. तिने क्षणभर पाहिले आणि घास मोडला.

शेठाणींनी डोळे पुसले आणि घरातल्या सगळ्यांची पाने ओसरीवर आणून मांडली. कितीतरी दिवसांनी तिथे हसणे-खिदळणे झाले. शेठजींनी आणखी एक भाकरी मागून घेतली आणि खाता खाता विचारले, "बाई, सोमवारी औषधाला किती वाजता यायचं?"

तोंड भरलेले होते, म्हणून शिष्येने हाताची दहा बोटे दाखवली.