राजवाड्यातली लाल अंडी

“आमच्या हिरवळीवर जो पाऊल टाकेल, त्याचा पाय जागेवर राहणार नाही!”

ईस्टर तोंडावर आला असताना चांदखाडीच्या उदाजीराव महाराजांनी हा हुकूम काढला आणि किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वाडीतली पोरं रडकुंडीला आली. दरवर्षी ईस्टरला राजवाड्याच्या बागेत रंगवलेली अंडी लपवायची आणि पोरांनी ती शोधायची, ही महाराजांच्या आजोबांनी घालून दिलेली रीत. पण यंदा महाराजांनी परदेशातून गवत मागवलं होतं. चांदखाडीत गवत उगवत नव्हतं असं नाही. पण ते फुकट उगवायचं, मग त्याला कोण किंमत देणार?

वाडीतली रेजीन महाराजांपुढे उभी राहिली. दरबारातली सगळी पागोटी बांधायचं काम तिच्या घराण्याकडे होतं. ती रोज पहाटे पागोटी बांधून तयार ठेवी. थोरामोठ्यांनी ती फक्त डोक्यावर चढवायची.

“महाराज, बाग नाही तर नाही. अंडी राजवाड्यात लपवू का?”

महाराजांना नाही म्हणायचं होतं. पण आजोबांची रीत मोडली म्हणून लोक नावं ठेवतील, ही भीतीही होती. म्हणून त्यांनी हो म्हणत म्हणत नाही म्हटलं.

“जरूर लपव! पण पोरांनी एकाही वस्तूला हात लावायचा नाही. दार उघडायचं नाही, गालिचा उचलायचा नाही. पळायचं नाही, ओरडायचं नाही!”

“बरं.”

“पोरं येण्याआधी आम्ही स्वतः राजवाडा तपासणार. आम्हाला एक जरी अंडं सापडलं, तर खेळ कायमचा बंद!”

“बरं.”

“आणि एक जरी पोर रिकाम्या हाती राहिलं, तरी कायमचा बंद! म्हणजे आम्हाला सापडता कामा नये आणि शेंबड्या पोरांना सापडलं पाहिजे. जमेल?”

“जमेल की, महाराज. तुम्हाला न दिसणारं पुष्कळ काही आम्हाला रोज दिसतं!”

दिवाणजींना एकदम खोकला आला.

ईस्टरच्या सकाळी महाराज शोधाला निघाले. पुढे महाराज, मागे दिवाणजी, सेनापती, खजिनदार आणि झाडून सगळे मानकरी. महाराजांनी ताठ मानेनेच फुलदाण्यांत हात घातले, नोकरांकडून लोडांची शिवण उसवून घेतली, तोफेच्या तोंडात काठी फिरवून पाहिली. अंडं सोडून सगळं सापडलं. राणीसाहेबांचं हरवलेलं कर्णफूलसुद्धा सापडलं; ते चोरलं म्हणून एका नोकराला केव्हाच हाकलून दिलं होतं. महाराजांनी ते मुकाट्याने खिशात टाकलं.

“राजवाड्यात अंडंच नाही!” महाराज खूश होऊन दरबारात आले. “बोलवा पोरांना!”

पोरं सणाचे कपडे घालून, हात पाठीमागे बांधून, पाय न वाजवता आत आली. रेजीनने त्यांना दारातच बजावलं होतं, “वस्तूंकडे बघूच नका. माणसांकडे बघा. रोज वाकणारा जो आज ताठ उभा असेल, त्याच्यापुढे जाऊन ओंजळ धरा.”

मग महाराज गादीवर बसले. ते बसले की सगळ्यांनी कमरेत वाकून मुजरा करायचा, अशी दरबाराची शिस्त. आज एकटा चोपदार वाकला. बाकीचे काठी गिळल्यासारखे उभे!

“दिवाणजी, मुजरा?”

“मान धरलीय, महाराज.”

“सेनापती?”

“माझीही, महाराज!”

“खजिनदार?”

“थंडीने आखडलोय...”

“एप्रिलात?” महाराज कडाडले. “मुजरा करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!”

तोवर पोरं एकेकापुढे ओंजळ धरून उभी होती. नोकरीपुढे मानदुखी किती टिकणार? मानकरी वाकले आणि पागोट्यांतून टपाटप लाल अंडी पोरांच्या ओंजळीत पडली! कांद्याच्या सालींत घट्ट उकडलेली, छान लालभडक.

“म्हणजे आम्ही अंडी शोधत होतो,” महाराज ओरडले, “आणि अंडी आमच्याच मागून चालत होती! हे लोक तयार कसे झाले?”

“प्रत्येकाला एवढंच म्हटलं, महाराज, की दरबारातल्या सगळ्यात शहाण्या डोक्यावर एक अंडं ठेवायचंय. दुसऱ्या कुणाला सांगू नका!”

मानकरी एकमेकांकडे बघू लागले. दिवाणजींच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. पण अकलेचा मान दुसऱ्याला जाईल म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून डोकं पुढे केलं होतं.

तेवढ्यात महाराजांनी टाळी वाजवली. “थांबा! ही पोर रिकामीच आहे!”

सगळ्यांत धाकटी सिलू रिकामी ओंजळ धरून उभी होती. मानकऱ्यांची पागोटी तर सगळी रिकामी झालेली. पोरांचा जीव टांगणीला लागला.

“हरलीस, रेजीन! खेळ बंद!”

“करा बंद, महाराज. पण तिला तुम्हीच सांगा. ती ठेंगणी, आणि इथे ओरडायची तर मनाई! जरा तिच्या कानाशी येऊन सांगा.”

नियम महाराजांचाच. ते गादीवरून उतरले, सिलूपुढे आले आणि खाली वाकले.

टप्!

लाल अंडं सिलूच्या ओंजळीत! महाराजांचा हात पागोट्याकडे गेला.

“आमच्या डोक्यावर? एवढी हिंमत?”

“काय करू, महाराज? सिलू सगळ्यांत लहान, तिचं अंडं सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवायला हवं होतं. बाकीची डोकी उठता-बसता वाकतात. कधीच न वाकणारं डोकं राजवाड्यात हे एकच!”

मग महाराजांना हसू फुटलं, पोट धरधरून. “तरीच सकाळपासून डोकं जड! आम्हाला वाटलं, राज्याचा भार!” महाराज हसले, तेव्हा दरबारही हसला; त्याआधी हसायची पद्धत नव्हती.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून रेजीनला दिलं. “हे घे! आणि खेळ दरवर्षी, इथेच! फक्त पुढच्या खेपेला आमच्या पागोट्यात दोन अंडी ठेव. आमची अक्कल दिवाणजींच्या बरोबरीची दिसून कसं चालेल?”