काठाला न लागलेली नाव

एकदा एक वृद्ध वैद्य तळ्यापलीकडच्या गावाहून परतत होते. त्या गावी तापाची साथ आली होती. घरोघरी माणसे खोकत होती, आणि तान्ह्या बाळांना तर श्वास घेणेही जड झाले होते. साथ ओसरू लागली तसे वैद्य सकाळच्या दाट धुक्यातून एकटेच नाव वल्हवीत निघाले. पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, ते कळत नव्हते. नाव जणू ढगांतूनच तरंगत येत होती.

काठावर सारा गाव जमला होता. सर्वांत पुढे उभी होती त्यांची शिष्या सोयरा. वैद्य गावात नसताना तिला मुलगी झाली होती. फार वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचे पहिले मूल. लेकीला गुरूंच्या मांडीवर कधी ठेवीन, असे सोयराला झाले होते.

पण नाव काठाला लागलीच नाही. वैद्यांनी ती दूरच थांबवली.

"मी काही दिवस तळ्यातल्या बेटावरच्या झोपडीत राहतो," ते म्हणाले. "मी बोलावीपर्यंत कोणी जवळ येऊ नका."

"बाबा, तुम्हाला बरं वाटत नाही का?" सोयराने विचारले.

"मी ठणठणीत आहे."

"मग बाळाच्या डोक्यावर हात तरी ठेवा!" ती बाळासह गुडघाभर पाण्यात उतरली. वैद्यांनी क्षणभर डोळे मिटले, आणि वल्ह्याच्या एका रेट्याने नाव मागे नेली. धुक्याने त्यांना झाकून टाकले.

सोयरा रडत घरी गेली. तरी बाळाला सासूजवळ ठेवून ती रोज बेटावर जेवण पोचवी, आणि दुरूनच एका खडकावर ठेवून न बोलता परते. मग एके दिवशी झोपडीतून खोकला ऐकू आला. ती धावली, तोच आतून क्षीण आवाज आला, "तिथेच थांब, पोरी."

वैद्य तापाने फणफणले होते. सोयरा खडकावर काढा ठेवी, आणि ते थरथरत येऊन तो घेईपर्यंत लांब उभी राही. गावात मात्र एकही माणूस आजारी पडला नाही.

पूर्ण बरे झाल्यावरच वैद्य काठावर आले. सोयराने विचारले, "आजार अंगात आहे, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"नाही. कळलं नव्हतं, म्हणूनच थांबलो. ताप चढल्यावर माणूस आपसूक अंथरूण धरतो. साथ गावोगाव नेतात ते धडधाकट दिसणारे पाय. मी रुग्णांमध्ये राहून आलो होतो, एवढं मला ठाऊक होतं. तेवढं पुरेसं होतं."

"मी तुमच्यावर फार रुसले होते, बाबा."

"रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते, सोयरा," वैद्य हळूच म्हणाले.

सोयराने झोपलेल्या लेकीकडे पाहिले. मग तिने तिला गुरूंच्या मांडीवर ठेवले.