गाडी पाहण्याआधीचे पेढे

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींना जुन्या गाड्यांच्या बाजारात घेऊन गेला. वाटेत त्याने पेढ्यांचा पुडा घेतला.

"हे कोणासाठी?" गुरुजींनी विचारले.

"गाडीची पूजा करायची ना, गुरुजी. म्हटलं, पुन्हा खेप नको."

गुरुजींच्या कपाळावर पहिली आठी पडली ती तिथेच.

शिष्याची कारखान्यातली नोकरी सुटली होती. शाळा उघडली की मुलांची ने-आण करायची, असे त्याने योजले होते. आळीतल्या आयांनी त्याला तसा शब्दही दिला होता. अडले होते ते गाडीपाशी.

व्यापाऱ्याने एक पांढरी व्हॅन पुढे काढली. "एका साहेबांची आहे. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. एवढ्या वर्षांत फक्त तीस हजार किलोमीटर. मीटर स्वतः बघा."

शिष्याचा चेहरा उजळला. गुरुजी मात्र ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडून खाली वाकले. ब्रेकच्या पेडलवरचे रबर झिजून आतले लोखंड चमकत होते.

"हे बघितलंस?"

"साहेबांचे बूट कडक असतील, गुरुजी."

स्टिअरिंगवरची नक्षी नेमकी दोन्ही हातांच्या जागी पुसली गेली होती.

"आणि हे?"

"हाताला घाम येत असेल. काहींना फार येतो."

ड्रायव्हरची सीट एका अंगाने खचली होती. गुरुजींनी नुसते बोट दाखवले.

"अंगाने भारी असतील," शिष्य म्हणाला.

"म्हणजे कडक बुटांचा, घामट हातांचा, धिप्पाड साहेब! आणि हा गृहस्थ ऑफिसपलीकडे कुठे गेलाच नाही?"

"असतात अशी माणसं, गुरुजी."

"असतात रे. पण सगळी एकाच देहात, आणि तीही तुझ्या सोयीसाठी?"

शिष्य ओशाळला, तरी हटला नाही. "तुम्ही एकदा 'चांगली आहे' म्हणा, म्हणजे मी मोकळा झालो."

"लवकर काय ते ठरवा, भाऊ," व्यापाऱ्याने मधेच टाकले. "दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

गुरुजी पुरते वैतागले. त्यांनी उपरण्याने तोंड पुसले आणि मग एक विचित्रच गोष्ट केली. ते म्हणाले, "ठीक आहे. ही गाडी आता मला घ्यायची आहे. तू मला विक."

"मी?"

"तूच. शेठ, तुम्ही जरा बाजूला बसा. आणि तू असं समज, की गाडी तुझी आहे आणि आज ती खपली नाही तर घरात चूल पेटणार नाही. हं, कर सुरुवात."

म्हाताऱ्या माणसाचे मन राखावे म्हणून शिष्याने सुरुवात केली. "या गुरुजी, या बाजूने या," म्हणत त्याने त्यांना मागच्या बाजूला नेले. जागा किती ऐसपैस, काचा किती स्वच्छ, हे तो रंगवून सांगू लागला. मुलांनी चढायचे ते सरकते दार त्याने झोकात उघडून दाखवले आणि लावताना हलकेच गुडघ्याने वर उचलले. गुरुजी पुढच्या दाराकडे वळले, तसा तो लगबगीने आधी जाऊन तिथे टेकून उभा राहिला. गुरुजींनी आत डोकावले, तेव्हा त्याने पायाने रबरी चटई पेडलवर सरकवली. एक हात स्टिअरिंगच्या गुळगुळीत जागेवर ठेवून तो दुसऱ्या हाताने मीटर दाखवू लागला.

"मला बसून बघू दे," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही कशाला त्रास घेता?" असे म्हणत शिष्य स्वतःच त्या खचलेल्या सीटवर बसला.

व्यापारी मांडीवर थाप मारून हसला. "गुरुजी, याला माझ्याकडे ठेवा हो! हे शिकायला माझं निम्मं आयुष्य गेलं."

त्या हसण्याबरोबर शिष्य दचकून भानावर आला. तो खाली उतरला.

"ते सरकतं दार तू गुडघ्याने का उचललंस?" गुरुजींनी विचारले.

"खाली उतरलंय ते. उचललं नाही तर नीट बसत नाही."

"मला हे कळलंच नव्हतं. तुला कधी कळलं?"

शिष्याने मान खाली घातली. "आल्या आल्या."

"मग सकाळपासून माझा जीव का खातोस?" गुरुजींचा आवाज चढला; मग त्यांनीच तो आवरला. "अरे, झाकायचं तर आधी दिसावं लागतं. जिथे जिथे तू आडवा उभा राहिलास, तिथे तिथे तुला खरं दिसलं होतं. शेठनी मीटर मागे फिरवलं असेल, ते एकदाच. तू मात्र प्रत्येक खुणेपाशी ते पुन्हा पुन्हा फिरवत होतास. तुला माझा सल्ला नको होता; चूक करताना एक साक्षीदार हवा होता. तो मी होणार नाही. त्या दारातून लहान मुलं चढायची आहेत."

इतक्यात शिष्याचा फोन वाजला. आळीतलीच एक आई विचारत होती, "काय रे, झाली का गाडी? सोमवारी शाळा आहे पोरीची."

शिष्याने सवयीने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी मुद्दामच दुसरीकडे पाहत होते.

"नाही, ताई," तो म्हणाला. "एक मिळत होती, पण तुमच्या मुलीला जिच्यात बसवावं अशी नव्हती."

पलीकडून बराच वेळ बोलणे ऐकू येत राहिले. शिष्याने ते सगळे ऐकून घेतले. "बरोबर आहे तुमचं. तुम्ही दुसरी सोय बघा, माझ्यासाठी थांबू नका," एवढेच तो म्हणाला आणि त्याने फोन खिशात ठेवला.

मग तो व्यापाऱ्याकडे वळला. "शेठ, पुष्कळ चाललेली असली तरी चालेल. जिचं मीटर खरं आहे, अशी एखादी गाडी आहे तुमच्याकडे?"

व्यापाऱ्याने आपल्या गाड्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. या वेळी तो हसला नाही.

"आज नाही," तो म्हणाला.

कुणाचा सल्ला घ्यायला निघताना आपण कुठल्या दाराला टेकून उभे आहोत, तेवढे आधी पाहून घ्यावे.