दुभाजकातला दगड

गाड्यांना वाचा होती आणि अक्कल आजच्याइतकीच होती, तेव्हाची ही गोष्ट. शहरातला रस्ता रुंद केला आणि मधोमध मोठमोठ्या दगडांचा दुभाजक बसवला. पलीकडे जायचं तर पुढच्या चौकातून वळून यायचं. झालं! स्कुटीला आणि रिक्षाला तेवढंही जड झालं.

"दगडोबा, तुम्ही एकटे बाजूला झालात तर काय बिघडतंय?" स्कुटी म्हणाली. "आमच्यापुरती फट होईल."

"होणार नाही," दगड म्हणाला.

"फार माज आलाय याला," असं म्हणून रिक्षाने सरळ धडक दिली. दगडाचा कोपरा उडाला, रिक्षाचा दिवा फुटला. दगड जागचा हलला नाही.

"एवढा हट्ट कशापायी रे?" रिक्षा कण्हत म्हणाली.

"ती कुत्री बघ. रोज पिल्लांना घेऊन अर्धा रस्ता ओलांडते, माझ्यावर चढून थांबते, मग उरलेला ओलांडते. तुमच्या फटीत ती उभी कुठं राहील?"

"म्हणजे कुत्र्यांसाठी आम्ही चौकापर्यंत जायचं?" स्कुटी फणकारली आणि भरधाव निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नेमकं तिथंच तिचं चाक पंक्चर झालं. मागून ट्रक बोंबलत येत होता. स्कुटी लंगडत दुभाजकाशी आली. वर कुत्री पिल्लांना घेऊन आधीच उभी होती.

दगड पिल्लांना म्हणाला, "आत सरा रे, बाईंना वर येऊ द्या."