खांबावर नसलेले पूर

टेकडीमागच्या एका गावाचा नदीवरचा घाट कोंडाजी नावाचा राखणदार सांभाळत असे. दर पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते तो पाहून ठेवी आणि पूर ओसरला की तेवढ्या उंचीवर दगडी खांबावर एक रेघ कोरी. त्याबद्दल गाव त्याला मानाचा फेटा बांधी. तो फेटा कोंडाजीला जिवापाड प्यारा होता.

एकदा गावाने सगळ्यांच्या धान्याचं कोठार घाटाजवळ बांधायचं ठरवलं, म्हणजे नावेतून पोती उतरवणं सोपं. पाटील म्हणाले, सर्वांत वरच्या रेघेहून दोन हात उंच पाया घेतला की झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंडाजी मात्र खांबाकडे पाहायचं टाळू लागला.

पाया आखायला लोक जमले, तेव्हा हौसाक्का कुंभारीण रेघा न्याहाळत उभी राहिली. खालच्या अंगाला रेघा विरळ होत होत संपल्या होत्या. वरच्या अंगाला त्या दाटीने येऊन एकदम थांबल्या होत्या.

"कोंडाजीभाऊ," ती म्हणाली, "माझ्या भट्टीतून मधली मडकी मायंदाळ निघतात, लई मोठी थोडी. पण मोठं एकबी दिसलं नाही, तर मी समजते की कुणीतरी आधीच उचललं. तुमच्या खांबावरचे मोठे पूर कुठं गेले?"

लोक हसले. पाटलांनीही तिचं बोलणं उडवून लावलं. कोंडाजी गप्प राहता, तर विषय तिथेच मिटला असता आणि फेटाही टिकला असता. पण वर्षाचं धान्य वाहून जाताना त्याला डोळ्यांपुढे दिसू लागलं.

"अक्का खरं बोलते," तो म्हणाला. "मोठा पूर आला की मी भिऊन टेकडीवर पळायचो. परत येईस्तोवर पाणी उतरलेलं असायचं. त्या सालांची रेघ मी मारलीच नाही. सांगायची लाज वाटली."

मग पाटलांनी एवढंच विचारलं, की पाणी चढलं तरी कुठवर असेल? कोंडाजीने घाटावरच्या चिंचेच्या एका उंच फांदीकडे बोट दाखवलं. पुराचा पालापाचोळा तिथे अडकलेला त्याने पाहिला होता. कोठार त्याहूनही वर, टेकडीच्या उतारावर बांधलं गेलं.

तिसऱ्या वर्षी नदीने अख्खा खांब गिळला. पाणी कोठाराच्या पायरीला लागलं आणि माघारी फिरलं. धान्याचा दाणाही भिजला नाही. पाटलांनी कोंडाजीला पोटाशी धरलं, तसा तो चारचौघांत ढसाढसा रडला. कितीतरी वर्षांनी त्याला मोकळं वाटलं.

तात्पर्य: नोंदीत काय आहे एवढंच पाहू नये, काय असायला हवं होतं तेही विचारावं; आणि ते आपणच गाळलं असेल, तर लाज बाजूला ठेवून वेळेवर सांगावं.